प्लॅस्टिकखालचा शिक्का

अब्बांनी लॅमिनेशनचं मशीन आणलं तेव्हा त्यात पहिला कागद घातला तो अम्मीचा शाळेचा दाखला. पातूरच्या उर्दू प्राथमिक शाळेचा, चौथी पास असा. निळ्या शाईतलं अक्षर, खाली हेडमास्तरांची सही आणि सहीवर थोडा चढलेला जांभळा गोल शिक्का. घड्यांवर दाखला इतका विरला होता की अम्मी तो उघडतानासुद्धा श्वास धरून उघडायची.

अब्बा जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकं बांधणारे. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांच्या फायली, वाचनालयांतली पाठ मोडलेली पुस्तकं त्यांच्याकडे यायची. खळ वाळेपर्यंत पुस्तक दाबाखाली ठेवावं लागतं, आणि दाबाखाली जायच्या आधी ते मी वाचून काढायची. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि पुस्तकांत मराठी, अशी माझी भाषा तीन खोल्यांत वाढली. पुढे मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. माझ्या नोकरीचं मूळ त्या दाबाशेजारच्या ढिगात आहे.

तर ते मशीन. त्याचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट पाहत आम्ही सगळे उभे होतो. दाखला आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं गरम, चकचकीत होऊन बाहेर आला. अम्मीनं तो हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हे काय? दाखल्यात तुमची दाढी शिरली!"

शिक्क्याच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या आत, अब्बांच्या दाढीचा एक काळा केस अडकला होता. बारीक, जरासा वाकडा.

दुकानातल्या स्टुलावर तेव्हा एक तरुण मास्तर बसलेले होते. पलीकडच्या नगरपालिकेच्या शाळेत नुकतेच लागलेले. शाळेची हजेरीपत्रकं बांधायला आणायचे आणि चहा घेऊन जायचे. ते मोठ्यानं हसले. "भाभी, आता कोणी तुमचा दाखला पळवला तं भाईजानचा केस पाहून पकडता येईन."

"हसा गुरुजी," अब्बा म्हणाले. "तुमची दाढी येऊ द्या, मग बोलू."

प्लॅस्टिकचे कोपरे टोकदार असतात, हाताला बोचतात. अब्बा कोपऱ्यावर एक जुनं नाणं ठेवायचे आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवून कोपरा गोल करायचे. त्या दाखल्याचेही चारी कोपरे त्यांनी तसे गोल केले. पुढे आमच्या गल्लीत कुणाचंही कार्ड हातात घेतलं तरी कळायचं की ते अब्बांच्या दुकानातून गेलंय.

मतदानाची ओळखपत्रं गल्लीत आली तेव्हा दुकानापुढे रांग लागायची. गुरुजींना निवडणुकीचं काम असायचं. घरोघर जाऊन नावं तपासायची, चिठ्ठ्या वाटायच्या. आमचा भाग त्यांच्याकडेच होता. ते प्रत्येकाला सांगायचे, "कार्ड भिजू देऊ नका. भाईजानकडं जा, प्लॅस्टिकमध्ये घालून घ्या. घरातले जुने दाखले असतीन ते बी घालून घ्या, वाळवी लागते." लोक जायचे. गुरुजींचा शब्द म्हणजे सरकारचाच शब्द, पण ओळखीच्या आवाजातला.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. गुरुजींचे केस पांढरे झाले, अब्बांची दाढी पूर्ण पांढरी झाली. प्लॅस्टिकमधला केस तेवढा काळा राहिला.

मागच्या एक-दोन वर्षांत दुकानातल्या गप्पांचा विषय बदलला होता. कुणीतरी मोबाइलवर पाहून यायचं की आता मतदानाच्या कार्डावर माणूस इथला नागरिक आहे की नाही ते लिहिणार. कुणी म्हणायचं, चांगलं आहे, एकदा लिहिलं की कटकट मिटली. कुणी म्हणायचं, ज्याच्या कार्डावर लिहिलं नाही त्यानं काय करायचं? मी सुट्टीत घरी असले की मागच्या खोलीतून ऐकायची. एकदा अब्बा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "जो इथला, त्यालेच मत देता येते. मंग वेगळं काहून लिहाव? पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर 'हे पुस्तक आहे' असं लिहितेत काय?"

"लिहून येणार म्हणतेत भाईजान," गुरुजी म्हणाले.

"येऊ दे. त्याले बी प्लॅस्टिक लावू."

सगळे हसले. मीही हसले होते.

यंदा अब्बा गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, ते खळीच्या वासानं होतंय असं म्हणत राहिले. जनाज्याबरोबर गुरुजी कब्रस्तानच्या फाटकापर्यंत आले, बाहेर रुमालानं डोळे पुसत उभे राहिले. ते मी ऐकलेलं आहे. पाहिलेलं नाही, बायका जात नाहीत.

अम्मी इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, नटायचं नसतं. मी महाविद्यालयातून रजा घेतली, संपली तेव्हा दर शनिवारी येऊ लागले. दुकान बंदच होतं, पण पुढच्या खोलीचं दार दिवसा उघडं असायचं. दोन खोल्यांमध्ये पडदा. त्या पडद्याच्या आत अम्मी.

आणि त्याच दिवसांत मतदार यादीची तपासणी निघाली. गुरुजी अर्ज घेऊन आले, नेहमीच्या स्टुलावर बसले. मी पुढे होते, अम्मी पडद्याआड.

कित्येक वर्षांपूर्वीच्या जुन्या यादीत आपलं नाव होतं का, हे त्यात भरायचं होतं. अब्बांचं नाव होतं. अम्मीचं नव्हतं. ती यादी झाली त्या काळात माझी दादी वलगावला अंथरुणाला खिळलेली होती आणि अम्मी तिच्या सेवेला तिकडं जाऊन राहिली होती. अकोल्यात बाई घरी नाही म्हणून नाव घेतलं नाही, वलगावला ती पाहुणी म्हणून घेतलं नाही. पुढे नाव लागलं, कार्ड आलं, अम्मीनं प्रत्येक वेळी मत दिलं. हे सगळं गुरुजींना ठाऊक होतं, कारण ते कार्ड त्यांनीच हातात आणून दिलं होतं.

"गुरुजी, काही कागद लागते का?" अम्मीनं आतून विचारलं.

"काही लागत नाई भाभी. मी आहे ना."

"मले बाहेर जाता येत नाई सध्या."

"मालूम आहे ना मले. तुमाले घराबाहेर पडायची पाळी नाई येऊ देत. भाईजानची शपथ."

अम्मीनं पडद्याखालून हात काढून चहाचा कप पुढे सरकवला. मी तो त्यांना दिला.

नोटीस आली तेव्हा मी अमरावतीला होते. शेजारच्या मुलीनं अम्मीला ती वाचून दाखवली: स्वतः हजर राहा, भारताचे नागरिक असल्याचे पुरावे आणा, नाहीतर नाव वगळलं जाईल. मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "वरून निघालं बेटा. माझ्या हातात काही नाई. जाऊन या, दोन मिनिटांचं काम आहे."

इद्दत मोडायची की नाव जाऊ द्यायचं, हा प्रश्न अम्मीसमोर आला. मी म्हणाले, "राहू दे. एक मत गेलं तर काय होतं?" मला खरंच तसं वाटत होतं. अब्बा नसलेल्या त्या घरात मला कोणतीच गोष्ट महत्त्वाची वाटत नव्हती. अम्मी म्हणाली, "मत गेलं तं जाऊ दे. पण आज नाव कापलं तं उद्या म्हणतीन, ही आली कुठून? मी पातूरची आहो. मी कुठून आली नाई." मोठ्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, गरजेसाठी दिवसा जाता येतं, काम झालं की सरळ घरी या.

म्हणून अब्बांच्या जनाज्यानंतर अम्मीनं उंबरठा पहिल्यांदा ओलांडला तो आपण इथलेच आहोत हे सांगायला. रिक्षा मोर्णेच्या पुलावरून जात होती. ती बाहेर पाहत नव्हती. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत कार्ड आणि दाखला.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. बाकं लहान मुलांची. म्हातारी माणसं त्यांत गुडघे मुडपून बसली होती. टेबलामागचा अधिकारी माझ्याच वयाचा असेल. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्याच्या शेजारी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन गुरुजी उभे होते.

अम्मीनं पहिल्यांदा मतदानाचं कार्ड दिलं. तेही अब्बांनी गोल केलेलं.

"हे ओळखपत्र आहे," अधिकारी म्हणाला. "यानं ओळख पटते. नागरिकत्व सिद्ध होत नाही. त्यावर तसं लिहिलेलं नाही."

अम्मी मला म्हणाली, पण त्याला ऐकू गेलं: "मंग इतके वर्ष मत कोणाचं घेतलं?"

मी दाखला पुढे केला. त्यानं तो उलटसुलट केला, शिक्क्यावर नख घासून पाहिलं. नख प्लॅस्टिकवरून घसरलं.

"हा शिक्का मारलेला आहे की छापलेला, मला कसं कळणार? आत झेरॉक्सही असू शकते. प्लॅस्टिक काढून मूळ कागद आणा."

"साहेब, हे काढता येत नाही," मी म्हणाले. "कागद फाटेल."

"मग मी काय करू मॅडम?"

तेव्हा अम्मीनं मान वर केली आणि सरळ गुरुजींकडं पाहिलं. "गुरुजी, सांगा ना साहेबाले. तुमच्यासमोरच बंद केला होता. तुमी हसले होते."

गुरुजी गठ्ठ्यातले कागद सारखे करू लागले.

"तुम्ही ओळखता यांना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझ्या भागात आहेत, सर," गुरुजी म्हणाले.

एवढंच. पुस्तकी मराठीत. मी त्यांना इतकं शुद्ध बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मग?" अधिकारी म्हणाला.

गुरुजी अम्मीकडं न पाहता म्हणाले, "भाभी, साहेब सांगतात तसं करा. प्लॅस्टिक काढून आणा."

पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मीनं अब्बांच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. त्यांची हाडाची पट्टी, पातळ सुरी आणि कात्री काढून ठेवली. मी इस्त्री बेताची तापवली. लहानपणापासून या टेबलाशी उभी राहिलेली असल्यानं कागद कुठं हार मानतो ते मला माहीत होतं आणि म्हणूनच हात धजावत नव्हता. अब्बा म्हणायचे, खळीनं चिकटवलेलं पाण्यानं सुटतं, दोऱ्यानं शिवलेलं कात्रीनं सुटतं, पण मशीननं चिकटवलेलं कशानं सुटतं ते मशीनलाही माहीत नाही.

मी एक गोल कोपरा कापला. मग कड कापली. कापडावरून इस्त्री फिरवली, प्लॅस्टिक मऊ झालं, हाडाची पट्टी सरकवून उचलू लागले. अम्मी बाजूला उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

"हळू," ती म्हणाली. "तिथं केस आहे."

मागची बाजू बरी सुटली. पुढची सुटली तेव्हा कागदाचा वरचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर आला. नाव अर्धं राहिलं. जन्मतारखेतला महिना गेला. शिक्का पूर्ण गेला. त्या जागी कागदावर पांढरा, केसाळ गोल उरला. माझ्या हातातल्या प्लॅस्टिकवर मात्र तो जसाच्या तसा होता. जांभळा, स्पष्ट, आणि त्याच्या बाजूला अब्बांचा केस. ज्या प्लॅस्टिकमुळे शिक्का खरा धरला जात नव्हता, आता फक्त त्या प्लॅस्टिकवरच शिक्का होता.

अम्मी रडली नाही. तिनं माझ्या हातातून प्लॅस्टिक घेतलं, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं. मशीन आलं त्या दिवशी धरलं होतं तसंच.

"आता काय?" ती म्हणाली.

मी एकटीच पातूरला गेले. काय मिळेल याची कल्पना नव्हती. शाळेनं निदान एखादं पत्र द्यावं, की ही बाई इथं शिकली होती, एवढंच मनात होतं. एसटीतून उतरून विचारत विचारत शाळेत पोचले. अजून ती तिथंच आहे, इमारत नवी आहे. मुख्याध्यापिका माझ्यापेक्षा लहान होत्या. मी फाटका दाखला त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं.

त्यांनी कागद बोटानं उचलून पाहिला. "या अल्ला. बाजी, हे काहून कापलं?"

"मूळ प्रत मागितली होती."

"पण आमी दुय्यम दाखला देतो ना! कोणाचा बी हरवते, भिजते, उंदीर खाते. अर्ज करा, लगेच देतो. ताजी सही, ताजा शिक्का." मग थांबून त्यांनी विचारलं, "तिथं कोणी शाळेचा माणूस नव्हता का? कोणत्या बी मास्तरले मालूम असते हे. आमचं रोजचं काम आहे."

मी म्हणाले, "नव्हता."

का म्हणाले ते सांगता येत नाही. कदाचित त्या परक्या बाईसमोर अब्बांच्या मित्राची लाज माझ्याकडून उघडी करवली नाही. चहा आला तो निवायच्या आत दाखला तयार झाला. त्यांनी शिक्का मारला, फुंकर घातली. बाहेर येऊन मी शाळेच्या पायरीवर बसले. मुलं सुटली होती, माझ्या दोन्ही बाजूंनी धावत चालली होती. मी ग्रंथपाल आहे. फाटलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मागवणं हे माझंही रोजचं काम. पण त्या दिवसांत माझं डोकं चालत नव्हतं. गुरुजींचं चालत होतं. त्यांच्या शाळेतून असे दाखले त्यांच्याच हातानं लिहून जात होते. अधिकाऱ्यानं प्लॅस्टिक काढायला सांगितलं तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं: सर, शाळेतून दुसरी प्रत मिळते. त्यात कुणाची बाजू घेणं नव्हतं, खोटं नव्हतं. ते बोलले नाहीत, आणि वर म्हणाले, काढून आणा.

दुसऱ्या तारखेला अम्मीला पुन्हा नेलं. अधिकाऱ्यानं नव्या शिक्क्यावर अंगठा फिरवला, जांभळी शाई किंचित पसरली, त्याचं समाधान झालं. "आधीच हे आणायचं ना," तो म्हणाला. त्या दिवशी गुरुजी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होते.

नाव राहिलं हे सांगायला ते स्वतःच घरी आले. शनिवार होता. स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. पडद्याआड बांगड्या नसलेल्या हातांची हालचाल मला कळत होती.

"झालं भाभी," ते म्हणाले. "नाव पक्कं राहिलं. आता काळजी नाई."

त्यांनी पाणी संपवून पेला खाली ठेवला.

"भाईजान असते तं खूश झाले असते."

"गुरुजी," अम्मी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "दुसरा दाखला मिळते, हे तुमाले मालूम होतं ना?"

ते मशीनकडं पाहू लागले. त्यावर धूळ होती.

"भाभी, कसं सांगू तुमाले. साहेबासमोर मी तुमच्याकडून एक शब्द बोललो असतो तं म्हणले असते, हा यांचाच माणूस आहे. माह्यावर बी तक्रारी आहेत. म्हणतेत, मास्तर त्या गल्लीत चहा पेते. मले दोन वर्षं राहिले नोकरीचे."

"चहा तं तुमी पेत होते."

"हो."

"म्हणून ओळखलं नाई?"

"ओळखलं ना भाभी. माझ्या भागात आहेत म्हणलं मी."

अम्मी हसल्यासारखा आवाज झाला, पण ते हसणं नव्हतं. "तुमच्या भागात तं मोकाट कुत्रे बी आहेत गुरुजी."

ते उठले. दारापाशी जाऊन परत वळले. मला वाटतं त्यांना खरोखर तिला बरं वाटावं असं काहीतरी द्यायचं होतं. म्हणाले, "नवीन कार्डावर नागरिक म्हणून लिहूनच येणार म्हणतेत. एकदा लिहिलं की मंग कोणी विचारणार नाई."

"लिहिल्यावर बी विचारणारे तुमीच रायसान," अम्मी म्हणाली.

ते गेले. त्या दिवशी त्यांना चहा दिला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. अम्मीनं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी नवा दाखला कुठं ठेवायचा म्हणून विचारलं. तिनं सुई-दोऱ्याचा डबा दाखवला. त्यात आधीच रुमालात गुंडाळलेलं ते प्लॅस्टिक होतं. मी दाखला वर ठेवला.

"प्लॅस्टिक लावू?" मी विचारलं. मशीन चालवता येतं मला.

"नको. उघडाच राहू दे. विरला तं पुन्हा जाऊ पातूरले."

मी निघायच्या तयारीला लागले. अमरावतीची गाडी साडेसहाला असते. पिशवी उचलली तेव्हा तिनं विचारलं, "मतदानाच्या टाइमले माझी इद्दत संपलेली राहीन ना?"

"संपलेली असेल."

"न् केंद्रात गुरुजीच बसतेत. यादी घेऊन."

"हो. बहुतेक तेच."

"चेहरा दाखवा लागते."

"लागतो, अम्मी."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "तू सोबत नको येऊ मंग," ती म्हणाली. "मी एकटीच जाईन. उभी राहीन त्याच्यासमोर, न् नाव सांगणार नाई. पाहीन, काय म्हणते ते."